ठोका चुकतो वर्षातून चारदा, गोळी मात्र रोज दोनदा

पत्र

डॉक्टर मॅडम, वय ६८, वजन ७१. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालो, राहायला तिथेच उपनगर भागात. बारा वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही. गेल्या वर्षभरात चार वेळा छातीत मासा तडफडावा तसं झालं. पहिल्यांदा रविवारी पहाटे, मग पुतण्याच्या हळदीच्या रात्री, मग दिवाळीत, आणि परत एका रविवारी. दोन-तीन तासांनी आपोआप थांबतं. चौथ्या वेळी ईसीजीत सापडलं, एट्रियल फिब्रिलेशन (एएफ), म्हणजे ठोक्यांचा ताल बिघडणं. हार्टच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करायची गोळी, अपिक्साबान ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ लिहून दिली, तीही कायमची. मी ती धडधड होईल त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घेतो. एरवी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ॲस्पिरिन ७५. (गुडघ्यासाठी अधूनमधून मेडिकलमधून दुखण्यावरची डायक्लो आणतो, ते वेगळं.)

माझा थोरला भाऊ पॅरालिसिसने तीन वर्षं अंथरुणावर होता, मी त्याचं सगळं केलंय. आणि प्रेसमधला माझा जोडीदार रक्त पातळ करायच्या गोळीवर असताना ब्रेन हॅमरेजने गेला. तो जुनी गोळी घ्यायचा, रक्त तपासायला मात्र जायचा नाही. म्हणजे गोळी घेतली तरी मरण, नाही घेतली तरी मरण. मुलाने पुण्याहून घड्याळ पाठवलंय, त्यात दिवसातून तीस-चाळीस वेळा ठोके बघतो. रात्री तीनला जाग येते. बायको म्हणते, तुमच्या घोरण्याने मला झोप नाही आणि काळजीने तुम्हाला नाही. गोळी रोज घेऊ का? २.५ ची चालेल का? आणि श्रावणात त्र्यंबकला ब्रह्मगिरी डोंगराच्या फेरीला जाऊ का?

– एक धडधडता नाशिकरोडकर

उत्तर

काका, तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे. ते डायक्लो. ॲस्पिरिन, डायक्लो आणि मधूनच अपिक्साबान, अशी भेळ करून तुम्ही रक्तस्रावाला घाबरताय. जठरातून रक्त जायचं असेल तर याहून सोपा रस्ता मला माहीत नाही. वर डायक्लो बीपी वाढवतं आणि किडनीवर ताण आणतं, आणि अपिक्साबानचा काही भाग किडनीवाटेच बाहेर पडतो. गुडघ्याला लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम आहेत. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल आहे, पण त्याचंही प्रमाण विचारून. डायक्लोचं पाकीट आज घरातून बाहेर काढा, मग पुढचं वाचा.

आता गोळी. तुम्ही धडधडीचा आणि गोळीचा हिशोब एकत्र मांडलाय: वर्षातून चारदा धडधड, म्हणून चारदा गोळी. ऐकायला अगदी रास्त वाटतं. डोकेदुखीच्या गोळीचं असंच असतं, पित्ताच्या गोळीचंही. पण ही गोळी धडधडीवर नाहीच. तिने एक ठोकासुद्धा सरळ होत नाही. ती आहे गुठळीसाठी, आणि गुठळी तुम्हाला सांगून होत नाही.

गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाता ना? धरणाचं पाणी सोडलेलं असतं तेव्हा घाट कसा धुऊन निघतो. पाणी थांबलं की रामकुंडाच्या पुढे कोपऱ्याकोपऱ्यात निर्माल्य तरंगायला लागतं, पानं, फुलं, मग त्याचा थर. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला असाच एक कोपरा असतो, कानाच्या पाळीसारखी छोटी पिशवी. कप्पा नीट आकुंचन पावतो तोवर तिथलं रक्त हलतं राहतं. एएफमध्ये कप्पा नुसता थरथरतो, आणि त्या पिशवीत रक्त साकळतं. तिथली गुठळी सुटली की बऱ्याचदा मेंदूकडे जाते. एएफ असला की पॅरालिसिसचा धोका साधारण पाचपट होतो, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या लोकांना वर्षानुवर्षं तपासून कळलं.

मग धडधडीच्याच दिवशी गोळी घेतली तर पुरे नाही का, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्हाला न जाणवणारे झटकेही येत असू शकतात, झोपेतसुद्धा. शिवाय पेसमेकर बसवलेल्या रुग्णांच्या नोंदी उलगडून पाहिल्या, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. पॅरालिसिस झालेल्यांपैकी बहुतेकांना त्याआधीच्या महिनाभरात एएफ आलेलाच नव्हता. म्हणजे कप्पा थरथरणं हे एक कारण झालं, पण वय आणि वर्षानुवर्षांचं बीपी यांनी तो कप्पा आतून खरबरीत आणि सैल केलेला असतो, तो एरवीही तसाच असतो. अपिक्साबानचा असर तर बारा तासांत निम्म्यावर येतो. धडधड थांबल्यावर एक दिवस घेतलेली गोळी तिसऱ्या दिवशी तुमच्या अंगात जवळपास नसतेच. तुमचं दहा गोळ्यांचं पाकीट सहा-सात महिने पुरत असेल, तर तुम्ही ही गोळी घेतच नाही आहात, फक्त विकत घेताय.

म्हणून डॉक्टर झटके मोजत नाहीत, माणसाचं बाकीचं खातं बघतात. वय ६५ ते ७४ असेल तर एक गुण, ७५ पासून दोन. बीपीचा एक, डायबिटिसचा एक, हार्ट फेल्युअरचा एक, हृदयाच्या किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असेल तर एक, आणि पूर्वी पॅरालिसिस होऊन गेला असेल तर दोन. (पूर्वी बाई असण्याचाही एक गुण धरत. २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शनात तो काढून टाकला, आम्हा बायकांचं एक ओझं कमी झालं.) दोन किंवा जास्त झाले की गोळी घ्यावी असं सांगतात, एक असेल तर बसून विचार करतात. तुमचे दोन होतात. अधूनमधून येणारा एएफ आणि कायमचा एएफ यात गोळीच्या निर्णयापुरता फरक करत नाहीत. पेसमेकरनेच टिपलेले, कधी न जाणवलेले काही मिनिटांचे झटके ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तिथे आम्हीही थांबतो. तुमचा तर ईसीजीवर आलाय.

आकडे ढोबळ सांगते, पण सांगते, कारण भीतीला आकडा नसला की ती वाटेल तेवढी वाढते. दोन गुणांच्या हजार माणसांनी गोळी घेतली नाही, तर वर्षात साधारण वीस जणांना पॅरालिसिसचा झटका येईल. अशा गोळ्यांनी त्यातले जवळजवळ दोन तृतीयांश टळतात, उरतात सहा-सात. ९८० जणांना गोळीशिवायही काही होणार नाही, हेही खरं. पण हे एका वर्षाचं झालं. तुम्ही काही वर्षभरात निघायचा बेत केलेला नाही, आणि ७५ पूर्ण होताच आणखी एक गुण आपोआप जमा होईल.

आता दुसरी बाजू, कारण तुमचे जोडीदार त्या बाजूने गेले. २०११ मध्ये अपिक्साबान आणि जुनी वॉरफरिन यांची अठरा हजारांहून जास्त रुग्णांवर तुलना झाली. अपिक्साबान घेणाऱ्या हजारांत वर्षाला साधारण वीस जणांना मोठा रक्तस्राव झाला. हा आकडा लहान नाही, तो लपवून मला गोळी खपवायची नाही. पण त्यातला बहुतेक पोटातला किंवा इतर ठिकाणचा होता. डोक्यातला रक्तस्राव हजारी तीन जणांना झाला, वॉरफरिनवर तोच आठ जणांना. पोटातून रक्त गेलं तर माणूस बहुधा ॲडमिट होतो, रक्त चढवतात, एन्डोस्कोपी होते आणि तो घरी येतो. एएफमधला पॅरालिसिस बऱ्याचदा मोठा असतो, आणि त्यातून घरी आलेला माणूस कसा असतो ते तुम्ही तीन वर्षं रोज पाहिलंय. दोन्ही आकडे वीस आहेत म्हणून पारडी समान होत नाहीत.

तुमच्या जोडीदारांची गोळी वॉरफरिन किंवा तिच्यासारखीच दुसरी असणार. ती गोळी वाईट नाही, पण तिला आयएनआर नावाची, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी सतत लागते. आकडा दोन ते तीनमध्ये ठेवावा लागतो. मेथी-पालक अचानक जास्त झालं तर तो खाली येतो, एखाद्या अँटिबायोटिकने वर जातो. न तपासता ती घेणं म्हणजे डोळे बांधून कसारा घाट उतरणं. तुमच्या मनात त्यांची गोळी आणि तुमची गोळी एकच झाली आहे, ती एक नाही. तुमच्या गोळीला आयएनआर नको आणि भाजीचं पथ्यही नको. (द्राक्षांचंही नाही. हा प्रश्न मला दर सीझनला कोणीतरी विचारतंच.) फक्त किडनीची तपासणी आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी करावं.

आणि ॲस्पिरिन. शेजाऱ्यांचा हेतू चांगला असेल, पण २०११ मध्येच साडेपाच हजार एएफ रुग्णांना निम्मे ॲस्पिरिनवर आणि निम्मे अपिक्साबानवर ठेवून पाहिलं गेलं. मोठा रक्तस्राव हजारी बारा विरुद्ध चौदा, म्हणजे जवळपास सारखाच. पॅरालिसिस आणि इतर ठिकाणी गुठळी अडकणं मिळून ॲस्पिरिनवर हजारी ३७ आणि अपिक्साबानवर १६. ‘हलकी गोळी’ म्हणून तुम्ही जी घेताय तिचा धोका जवळपास तेवढाच आणि फायदा कितीतरी कमी. स्टेंट वगैरे नसेल तर ॲस्पिरिनला तुमच्या घरात काही काम नाही. तरी बंद करण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा, कारण तुमची अँजिओग्राफी झाली आहे की नाही ते पत्रावरून मला कळत नाही.

२.५ ची चालेल का? नाही. मला ठाऊक आहे, निम्मी गोळी घेतली की मनाला बरं वाटतं, देवही राजी आणि दैत्यही. पण ती कमी मात्रा तीन गोष्टींपैकी दोन असतील तरच देतात: वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन (किडनीच्या रक्ततपासणीतला आकडा) १.५ किंवा जास्त. वयात आणि वजनात तुम्ही बसत नाही, म्हणजे क्रिएटिनिन काहीही आलं तरी दोन पुरे होत नाहीत. (किडनी अगदीच कमी चालत असेल तर तो वेगळा विचार, तो डॉक्टर करतील.) निम्मी मात्रा घेऊन भीती निम्मी होत नाही, संरक्षण तेवढं कमी होतं.

एक तपासणी मात्र झालीच असली पाहिजे, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आपल्याकडे लहानपणी सांधेतापाने हृदयाची झडप खराब झालेली माणसं अजून पुष्कळ आहेत. मायट्रल झडप चांगलीच आवळलेली असेल तर अपिक्साबान चालत नाही, तिथे जुनीच गोळी लागते. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासातही तिथे तीच सरस ठरली. सोबत थायरॉइडही तपासून घ्या, त्याचं हार्मोन जास्त झालं की धडधड होते.

माझ्या सासऱ्यांबद्दल सांगते, तेही अशाच गोळीवर होते. दाढ काढायची म्हणून त्यांनी स्वतःच्या मनाने गोळी बंद केली, कोणाला विचारलं नाही. दाढ निघाली, सूज उतरली, गोळी मात्र पुन्हा सुरू करायची राहून गेली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा बशीत ओतताना बशी हळूहळू उजवीकडे कलली. चहा टेबलावरून त्यांच्या धोतरावर गेला, तरी ते नुसते बघत होते. त्यांना ‘चहा’ म्हणायचं होतं आणि तोंडातून ‘पाणी’ येत होतं. पुढची सहा वर्षं आमच्या घरात चहाला पाणी म्हणायचे. दात काढायचा असला की डेंटिस्टला आणि हार्टच्या डॉक्टरांना, दोघांनाही विचारा. बहुतेक वेळा फार तर एखादा डोस चुकवावा लागतो. आणि बंद केली असेल तर पुन्हा कधी सुरू करायची ते कॅलेंडरवर लिहूनच उठा.

आता त्या चार तारखा. तुम्ही वार लिहिलेत म्हणून मला दिसलं. रविवार पहाट, हळदीची रात्र, दिवाळी, रविवार. काका, आदल्या संध्याकाळी काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही, मी विचारतही नाही. पण दारू आणि एएफ यांचं इतकं जुळतं की १९७८ पासून डॉक्टरांनी त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नावच ठेवलंय. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात नियमित पिणाऱ्या १४० एएफ रुग्णांपैकी निम्म्यांना दारू सोडायला सांगितली. सहा महिन्यांत सोडणाऱ्यांपैकी ५३ टक्क्यांना पुन्हा झटका आला, न सोडणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना. आपलं गाव द्राक्षांचं, आता वाइनचंही, आणि वाइन म्हणजे हार्टला चांगली असं प्रत्येक पाहुणा सांगतो. तुमच्या हार्टला नाही. घ्यायची सवय नसेल तर हा परिच्छेद शेजाऱ्यांना वाचून दाखवा.

दुसरं, घोरणं. काकूंचं वाक्य तुम्ही गमतीने लिहिलंय, पण रात्री तीनला जाग का येते, याचं उत्तर मला त्यात दिसतं. झोपेत श्वास अडकणाऱ्यांना एएफ जास्त होतो, बीपीही आटोक्यात राहत नाही, आणि ते मध्यरात्री दचकून उठतात, छाती धडधडतच. काकूंना एक रात्र लक्ष ठेवायला सांगा: घोरणं मध्येच थांबून, काही क्षणांनी एकदम हुंदका दिल्यासारखं परत सुरू होतं का? होत असेल तर स्लीप स्टडीबद्दल विचारा. काळजीने जाग येते असं तुम्ही म्हणताय. जाग येते म्हणून काळजी सुचते, असंही असेल.

घड्याळाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. दिवसातून चाळीस वेळा ठोके बघून तुम्हाला पॅरालिसिसचा धोका कळत नाही. धोका वयात आहे, बीपीत आहे, आणि न घेतलेल्या गोळीत आहे. घड्याळात तो दिसणार नाही. तुम्हाला दिसतो तो फक्त ठोका, तो चालताना, जिन्यावर, नातवावर ओरडताना वाढणारच, आणि वाढला की तुम्ही घाबरता, आणि घाबरलात की आणखी वाढतो. माझ्या ओपीडीत एक बाई यायच्या. खुर्चीत बसताना उजव्या हाताची दोन बोटं आपोआप डाव्या मनगटावर जायची, बोलताना डोळे माझ्याकडे आणि ओठ मोजत असायचे. त्यांना आम्ही एक वेळ ठरवून दिली, सकाळी बीपी मोजतात तेव्हाच. बाकी वेळी बोटं मनगटावर गेली की कोथिंबीर निवडायची. हसू नका, दोन महिन्यांत बोटं सुटली. तुम्ही घड्याळ सकाळी एकदा बघा, आणि धडधड झाली तर नोंदीसाठी एक ईसीजी काढा. रात्री ते मुलाच्या फोटोमागे ठेवा. भीती तरीही जात नसेल, जेवण-झोप तोडत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. भावाचं तीन वर्षं केलेल्या माणसाला ही भीती वाटणारच.

गोळी सकाळी आठला आणि रात्री आठला घ्या, बीपीच्या गोळीच्या डब्यातच ठेवा. एखादी विसरलात तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दोन एकदम कधीही नाही. उपवास असला तरी घ्या. ही रिकाम्या पोटी चालते. (याच जातीची रिवारोक्साबान असेल तर मात्र ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते. संकष्टीला दिवसभर काही न खाणाऱ्यांनी ती चंद्रोदयानंतर ताटावर बसताना घ्यावी, आणि तीच वेळ रोजची ठेवावी.) दाढी करताना कापलं तर दोन मिनिटांऐवजी पाच मिनिटं दाबून धरा, एवढंच. ‘रक्त पातळ’ हा शब्दच फसवा आहे, रक्ताचं काही पाणी होत नाही, ते गोठायला जरा उशीर लागतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं, लघवीत रक्त दिसलं, किंवा डोक्यावर पडलात, तर मात्र दुखो न दुखो, त्याच दिवशी दवाखाना. बीपी आटोक्यात ठेवणं ही डोक्यातला रक्तस्राव टाळायची सगळ्यात खात्रीची युक्ती आहे, आणि पॅरालिसिस टाळायचीही. तेवढ्यासाठी तरी ती बीपीची गोळी चुकवू नका.

धडधड सुरू झाली तर बसा, वेळ बघा, पाणी प्या. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबू नका. आणि काकूंना हे शिकवा: तोंड एका बाजूला ओढलं, हात उचलला तर खाली पडतो, बोलणं बोबडं झालं, यातलं एकही दिसलं की १०८. रात्र असली तरी सकाळची वाट बघायची नाही. तोंडात गोळी नाही, पाणीही नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि शेवटची अपिक्साबान किती वाजता घेतली ते डॉक्टरांना सांगावंच लागतं, त्यावरून ते पुढचं ठरवतात. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो असं जवळचं हॉस्पिटल आजच शोधून ठेवा. ऐनवेळी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहून फोनाफोनी नको.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून गोळी रोजची सुरू करताना तुमच्या हार्टच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. तुम्ही आजवर ती कशी घेत होतात ते खरं सांगा, डायक्लोसकट. ते रागावतील, रागावू द्या.

ब्रह्मगिरीची फेरी. इको ठीक असेल, बीपी आटोक्यात असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, तर जा. गोळीमुळे अडत काही नाही. तिसऱ्या सोमवारी गर्दी फार असते, तर दुसरा एखादा सोमवार बघा, एकटे जाऊ नका, पाणी पीत राहा, खिशात गोळीचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि बूट घाला. चिखलात काच लागली तर रक्त थांबायला तुम्हाला जरा वेळ लागणार. अनवाणी जायचा नवस असेल, तर ते तुम्ही त्र्यंबकराजाशी बोलून घ्या, मी त्यात पडत नाही.